शाळेतील धर्मपरिचय आणि घरातील धर्मसंस्कार

‘धर्मशिक्षण’ हा शब्द आपण मराठीत दोन अगदी निराळ्या अर्थांनी वापरतो आणि त्यामुळे या विषयावरील पुष्कळसा वाद निष्कारण होतो. दिवेलागणीच्या वेळी आजीने नातवाला देवापुढे बसवून हात जोडावयास शिकवणे, हे धर्मशिक्षण होय. शहरातील एखाद्या शाळेत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, शीख, पारशी आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या घरांतील मुले एका वर्गात बसली असता शिक्षकाने त्यांना रमजानचा उपवास कसा पाळतात, दिवाळीत दिवे का लावतात, हे समजावून सांगणे, यालाही आपण धर्मशिक्षणच म्हणतो. वस्तुतः पहिल्या प्रकारात मूल धर्म स्वीकारते. दुसऱ्यात ते धर्माची ओळख करून घेते. पहिल्यात शिकवणारा स्वतः श्रद्धावान असलाच पाहिजे. दुसऱ्यात तो प्रामाणिक आणि जाणता असला म्हणजे पुरे. या लेखापुरते आम्ही पहिल्यास धर्मसंस्कार आणि दुसऱ्यास धर्मपरिचय अशी नावे देतो. नावे कोणतीही द्यावीत. भेद मात्र ध्यानी असावा.

हा केवळ पुस्तकी भेद नव्हे. आपल्या सभासद कुटुंबांपैकी कित्येकांची मुले-नातवंडे इंग्लंडातील शाळांत शिकतात. जी येथे बडोद्यास आहेत, त्यांच्याही बाकावर अन्य धर्मीयांची मुले शेजारी असतात. शाळेत आमच्या मुलाला बायबलातील कथा शिकवतात, मशीद दाखवावयास नेतात. हे चालू द्यावे काय? शाळेने वर्गात ठेवण्यासाठी गणपतीची मूर्ती मागितली. ती द्यावी काय? असे प्रश्न आपसांतील बोलण्यात वारंवार निघतात. त्यांची उत्तरे रागाने किंवा भिडेने देण्यापेक्षा, या विषयाचा सर्वांत दीर्घ अनुभव ज्या देशाच्या पदरी आहे त्या इंग्लंडात काय घडले, हे आधी पाहणे हिताचे आहे.

इंग्लंडात हा प्रश्न प्रथम निरनिराळ्या धर्मांमधला नव्हता. तो एकाच धर्माच्या पंथांमधला होता. १८७० च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने सार्वजनिक पैशाच्या शाळा निघाल्या, तेव्हा त्यांत कोणाचा ख्रिस्ती धर्म शिकवावयाचा, राजमान्य चर्चचा की त्याच्याशी फटकून असलेल्या पंथांचा, यावर मोठे रण माजले. तोड निघाली ती अशी, की एखाद्या पंथाचे म्हणून जे खास धर्मसूत्र किंवा प्रश्नोत्तरी असेल ती या शाळांत शिकवू नये. १९४४ साली रिचर्ड बटलर यांनी नवा शिक्षण कायदा आणला. (हे गृहस्थ अखंड हिंदुस्थानातील अटक येथे जन्मलेले, हे आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नसते.) या कायद्याने धर्मशिक्षण हा एकच विषय सक्तीचा केला, गणितसुद्धा कायद्याने सक्तीचे नव्हते. शाळेचा दिवस सामुदायिक उपासनेने सुरू व्हावा, असेही ठरले. परंतु त्याच कायद्याने पालकास आपले मूल या दोन्हींतून काढून घेण्याचा अधिकार दिला, आणि शिक्षकासही हा विषय शिकवण्याची सक्ती करता येणार नाही अशी तरतूद ठेवली.

अभ्यासक्रम कोणी ठरवावयाचा? येथे त्या कायद्याची खरी चतुराई दिसते. त्याने तो लंडनच्या सरकारकडे दिला नाही, चर्चकडेही दिला नाही. प्रत्येक स्थानिक शिक्षणाधिकाऱ्याच्या क्षेत्रात एक परिषद भरवावी. तीत राजमान्य चर्चची एक समिती, अन्य पंथांची एक, शिक्षकांच्या संघटनांची एक आणि स्थानिक संस्थेची एक अशा चार समित्या असाव्यात. प्रत्येक समितीस एक मत असावे, आणि चारही मते एक झाली तरच अभ्यासक्रम मान्य व्हावा. म्हणून त्यास ‘संमत अभ्यासक्रम’ असे म्हणतात. चौघांपैकी एकाने मान हलवली नाही तर गाडी जागच्या जागी राहते. बहुमताने धर्म ठरवू नये, हे तत्त्व येथे कायद्यात उतरले. ज्यांना बहुमताची चटक लागली आहे त्यांना ही पद्धत संथ वाटेल. आम्हांस ती शहाणपणाची वाटते.

ही चौकट बांधली तेव्हा वर्गातील मुले ख्रिस्ती आहेत असे सर्वांनी गृहीत धरले होते. पुढील पंचवीस वर्षांत ते गृहीतच ढासळले. पंजाब, गुजरात, पाकिस्तान, कॅरिबियन बेटे येथून माणसे कामधंद्यासाठी आली. १९६८ मध्ये केनियातून आणि १९७२ मध्ये इदी अमीनने हाकलल्यावर युगांडातून हजारो हिंदी कुटुंबे आली. लेस्टरच्या नगरपालिकेने तर १९७२ साली युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्या गावी येऊ नका’ असे सुचवले होते. माणसे तरीही आली. आज ते शहर दिवाळीच्या रोषणाईसाठी ओळखले जाते, आणि २०२१ च्या जनगणनेत तेथील सुमारे १८ टक्के लोकांनी आपला धर्म हिंदू असा लिहिला. बर्मिंगहॅममध्ये त्याच गणनेत ३४ टक्के ख्रिस्ती, जवळजवळ ३० टक्के मुसलमान आणि सुमारे २ टक्के हिंदू नोंदले गेले. कोणत्याच एका धर्माचे बहुमत नाही, अशी ही शहरे.

बर्मिंगहॅमने या बदलाची दखल पहिल्याने घेतली. १९६२ चा तेथील अभ्यासक्रम सर्वस्वी ख्रिस्ती होता. १९७० मध्ये नव्याने काम सुरू झाले तेव्हा यहुदी, मुसलमान, हिंदू आणि शीख समाजांच्या प्रतिनिधींना त्यात सहभागी करून घेण्यात आले, आणि १९७५ साली जो अभ्यासक्रम प्रसिद्ध झाला त्यात मुलास एका धर्मात वाढवणे हे शाळेचे उद्दिष्टच राहिले नाही. धर्म ही काय वस्तू आहे हे त्यास समजावे, एवढे उद्दिष्ट राहिले. वादळ उठावयाचे ते उठलेच. विशेषतः साम्यवादासारख्या निधर्मी विचारसरणीचाही त्यात समावेश केल्याने संसदेपर्यंत ओरड गेली आणि कायदेपंडितांचा सल्ला घ्यावा लागला. तथापि एकदा दार उघडले ते पुन्हा लागले नाही. १९८८ च्या कायद्याने देशभरासाठी असे ठरवले की नव्या अभ्यासक्रमांनी ग्रेट ब्रिटनची परंपरा मुख्यतः ख्रिस्ती आहे हे लक्षात घ्यावे, आणि त्याचबरोबर देशातील इतर प्रमुख धर्मांची शिकवण व आचार यांचाही विचार करावा. प्रत्येक क्षेत्रात धर्मशिक्षणाचे एक स्थायी सल्लागार मंडळ असणे त्याच कायद्याने बंधनकारक केले. अनेक गावी आपले हिंदू बांधव त्यावर बसतात.

त्या १९८८ च्या वादात विरोधकांचा मोठा आक्षेप असा होता की सगळे धर्म एकाच ताटात वाढल्याने मुलांच्या डोक्यात खिचडी होईल. बर्मिंगहॅम विद्यापीठातील धर्मशिक्षणाचे प्राध्यापक जॉन हल यांनी या आक्षेपाचे नव्हे, तर त्याच्या भाषेचे परीक्षण केले. लोक धर्माविषयी बोलताना अन्नाचे, भेसळीचे, शुद्धतेचे शब्द का वापरतात, असे त्यांनी विचारले. विटाळाची भीती तर्काने बोलत नाही, ती पोटातून बोलते, असा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ आम्ही समजतो. ज्या समाजाने सोवळे-ओवळे पिढ्यानुपिढ्या पाळले त्यास ही भाषा उलगडून सांगावयास नको. हल हे मूळचे ऑस्ट्रेलियातील, श्रद्धावान ख्रिस्ती, आणि मध्यमवयात पूर्ण अंध झालेले. २०१५ साली ते निवर्तले. आपली श्रद्धा सोडून दुसऱ्याचा धर्म समजून घ्यावा असे त्यांनी कधी म्हटले नाही. आपल्या श्रद्धेत उभे राहूनच तो समजून घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच विद्यापीठातील मायकेल ग्रिमिट यांनी १९८७ साली एक उपयुक्त भेद मांडला. धर्माविषयी शिकणे एक आणि धर्मापासून शिकणे दुसरे. इस्लामचे पाच आधारस्तंभ कोणते हे पाठ करणे पहिल्यात येते. ज्याने महिनाभर दिवसा पाणीही घेतले नाही त्याच्याकडे पाहून संयम म्हणजे काय, माझ्यात तो किती आहे, असा प्रश्न मनात उठणे दुसऱ्यात येते. त्यासाठी मुसलमान व्हावे लागत नाही. यांखेरीज तिसरा प्रकार उरतो तो धर्मच शिकण्याचा, म्हणजे आपण ज्यास धर्मसंस्कार म्हटले तो. आणि तो घराचा व देवालयाचा प्रांत होय. या तीन प्रकारांची सरमिसळ झाली की शिक्षक, पालक आणि मूल तिघेही गोंधळतात.

आता मूळ प्रश्न. पाच-सात वर्षांच्या मुलांपुढे परक्याची पवित्र वस्तू ठेवावयाची कशी? ग्रिमिट, हल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅमच्या प्राथमिक शाळांत प्रत्यक्ष काम करून १९९१ साली जी पाठमाला तयार केली तिच्यात मुसलमानांची अजान होती, गुरू नानकांचे गीत होते, ख्रिस्ती परंपरेतील देवदूत होते, आणि आपला गणपती होता. मालेचे नावच ‘बालकास दिलेली भेट’ अशा अर्थाचे होते. पद्धत अशी की प्रथम मुलांचे कुतूहल जागे करावयाचे; मग ती एकच वस्तू, तिच्याभोवतीची माहिती न सांगता, नीट न्याहाळावयास किंवा ऐकावयास लावावयाची; त्यानंतर ती ज्यांची आहे त्या समाजात, त्यांच्या घरात, ती कशी वसते ते दाखवावयाचे; आणि शेवटी ‘यातून मला काय मिळाले’ याचा विचार ज्याचा त्यास करू द्यावयाचा.

या रीतीने गणपतीचा पाठ कसा होईल ते पाहू. मुले मूर्तीभोवती बसतात. कोणी सोंडेकडे बोट दाखवते, कोणी उंदराकडे, कोणास पोट पाहून हसू येते. हसू आले म्हणून शिक्षकाने रागावू नये. लंबोदर हे नाव आपणच दिले आहे. चार हात का? हातात काय आहे? एवढा मोठा देव आणि एवढेसे वाहन, हे कसे? हे सारे प्रश्न मुलांचेच. त्यानंतर एका हिंदू मुलाची ओळख होते, ज्याच्या घरी हा देव पूजिला जातो, जो परीक्षेस जाण्यापूर्वी किंवा नवे काम करण्यापूर्वी त्याचे स्मरण करतो. येथेच या पद्धतीची मेख आहे. ते दुसरे मूल मध्ये उभे राहिल्याने वर्गातील मुसलमान किंवा ख्रिस्ती मुलास निःशंकपणे कळते, की हा देव त्याचा आहे, माझ्याकडून कोणी नमस्काराची अपेक्षा करीत नाही. जवळ नेणे आणि अंतर राखणे, दोन्ही एकाच पाठात साधले जाते. मग अखेरचा प्रश्न सर्वांना सारखाच विचारता येतो: नवे काही सुरू करताना तुला कशाची भीती वाटते, आणि तेव्हा तू कोणाकडे वळतोस? हा पाठ झाल्यावर कोणाचा धर्म बदलत नाही. मात्र हत्तीचे डोके असलेला देव हा पुढे चेष्टेचा विषय होण्याची शक्यता पुष्कळच कमी होते. आपल्या मुलांना परदेशच्या शाळेच्या मैदानावर काय ऐकावे लागते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या लाभाचे मोल वेगळे सांगणे नको.

उलट दिशेनेही हेच खरे. अजानचा पाठ आपल्या मुलापुढे असाच होतो. ती हाक मुसलमान मुलाची आहे हे त्यास कळते. आणि दिवसातून पाच वेळा काम थांबवून देवाची आठवण करणारी माणसे आपल्या गल्लीत राहतात, हेही कळते. यात आपल्या मुलाचे काय हरपले ते आम्हांस दिसत नाही.

परंतु धर्मपरिचयाचाही एक दोष आहे आणि तो झाकून ठेवणे बरे नव्हे. पुस्तकातील धर्म सपाट असतो. वॉरिक विद्यापीठाचे रॉबर्ट जॅक्सन आणि एलिनॉर नेस्बिट यांनी कॉव्हेंट्री शहरातील हिंदू मुलांच्या घरी, देवळांत, सणांत जाऊन अभ्यास केला आणि १९९३ साली तो ग्रंथरूपाने मांडला. ती कुटुंबे बहुतांशी गुजराती आणि पंजाबी होती. घरोघरचा धर्म एकसारखा नाही, आणि शाळेच्या पुस्तकातील हिंदू धर्माशी तो पुष्कळदा जुळत नाही, असे त्यांना दिसले. जात, प्रदेश, भाषा, गुरूपरंपरा, घरचा कुलाचार, यांनी प्रत्येक मुलाचा हिंदू धर्म घडतो. म्हणून जॅक्सन यांनी पुढे असे प्रतिपादन केले, की ‘हिंदू असे मानतात’ या वाक्याने पाठास सुरुवात करण्यापेक्षा एका मुलापासून, एका घरापासून सुरुवात करावी, आणि तेथून व्यापक परंपरेकडे जावे.

याचे उदाहरण आपल्याच घरातले देता येईल. इंग्लंडातील प्राथमिक शाळांत दिवाळी म्हणजे राम-सीता अयोध्येस परतल्याची कथा, असे समीकरण होऊन बसले आहे. मुले कागदाच्या पणत्या करतात, रामाचे सोंग घेतात, छान रमतात. आता मराठी घरातील मूल घ्या. त्याची दिवाळी वसुबारसेपासून सुरू होते. नरकचतुर्दशीस पहाटे उटणे लावून अभ्यंगस्नान होते, नरकासुराची गोष्ट सांगितली जाते, पायाखाली कारीट चिरडले जाते. अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो, पाडव्यास बळिराजाचे नाव निघते. शिक्षिकेने ‘तू हिंदू ना, मग आम्हांला सांग, राम परत आला तेव्हा काय झाले?’ असे विचारले की ते गोंधळते. आपले घर चुकले की पुस्तक चुकले, हे त्यास उमगत नाही. बहुधा ते घरालाच दोष देते, कारण पुस्तक छापलेले असते. तीच गत वारकरी घरातील मुलाची. ब्रह्मा, विष्णू, महेश ही त्रिमूर्ती म्हणजे हिंदू धर्म असे ते वाचते, आणि घरी तर विटेवरचा विठ्ठल आणि एकादशी.

दोष शिक्षिकेचा नाही. वर्षभरात सहा धर्म शिकवावयाचे, आठवड्यास जेमतेम एक तास, आणि शिकवणारा कित्येकदा या विषयात तयार झालेला नाही. अशा स्थितीत तो पुस्तकाचाच आधार घेणार. बर्मिंगहॅमने २००७ साली यावर निराळा तोडगा काढला. धर्मांच्या याद्या मागे ठेवून कृतज्ञता, धैर्य, करुणा यांसारख्या चोवीस मनोवृत्ती निवडल्या आणि त्यांच्या अनुषंगाने निरनिराळ्या धर्मांतील सामग्री आणावी असे ठरवले. हेतू चांगला. तथापि धर्म हा केवळ सद्गुणांचे उदाहरण देण्यासाठी वापरावयाचा मसाला होऊन बसेल, अशी शंका आम्हांस वाटते. तिकडे वेल्समध्ये २०२२ पासून विषयाचे नाव बदलून त्यात धर्माबरोबर मूल्ये आणि नीती हे शब्द आले, आणि नव्या अभ्यासक्रमात पालकांचा मूल काढून घेण्याचा अधिकार संपला. इंग्लंडात तो अधिकार कायद्याने आहेच. प्रयोग चालू आहेत; शेवटचा शब्द कोणी उच्चारलेला नाही.

आपल्या देशाकडे वळू. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या इतर शाळांत ते देता येते, परंतु विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवाचून त्यास त्या शिक्षणास किंवा उपासनेस बसवता येत नाही. मिशनच्या शाळेत मूल घालणाऱ्या आपल्या पालकांनी हा हक्क ध्यानात ठेवावा. तो मागण्यासाठी भांडण करावे लागत नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या अनुच्छेदावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्यामागील कारणे सांगितली. कर सर्व धर्मीय देतात, म्हणून त्या पैशातून एकाचा धर्म शिकवणे न्याय्य नाही. देशात धर्म व पंथ इतके की सर्वांची सोय शाळेस करता येणार नाही. आणि प्रत्येक धर्म आपलेच सत्य म्हणत असल्याने शाळेत कलह माजेल. त्याच चर्चेत त्यांनी असाही खुलासा केला की धर्ममत शिकवणे निराळे आणि धर्माचा अभ्यास निराळा. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने हाच भेद पुढे नेला आणि प्रमुख धर्मांची निवडक माहिती विद्यार्थ्यांस द्यावी असे सुचवले. २००२ साली सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांचा अभ्यास घटनेच्या मनाईत मोडत नाही असा निर्णय दिला. म्हणजे कायद्याची वाट मोकळी आहे. तीवरून जाणारे शिक्षक तयार करण्याचे काम मात्र झालेले नाही, आणि आपल्या बहुतेक शाळांत धर्म हा सुट्टीच्या यादीपुरता उरला आहे.

ज्या बडोद्यात आपण राहतो त्यास हा विषय परका नाही. डॉ. आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस शिकावयास गेले ते येथल्याच शिष्यवृत्तीवर. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास केला, त्यांसही शिक्षणकाळी सयाजीराव महाराजांचे साहाय्य लाभले होते. पुढे खुद्द बडोदा कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी प्राध्यापक नेमला गेला. आल्बन विजरी या इंग्रज पंडिताने ती जागा सांभाळली आणि १९२२ साली त्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. बर्मिंगहॅमच्या त्या प्रसिद्ध अभ्यासक्रमाच्या अर्धशतक आधीची ही गोष्ट! एका हिंदू राजाच्या खर्चाने, एका ख्रिस्ती प्राध्यापकाने, आपल्या मुलांना सर्व धर्म शिकवले. आणि त्याच काळात आपल्या देवघरांतील समई विझली नाही.

ती विझली नाही याचे कारण घरे आपले काम करीत होती. आज तक्रार करणाऱ्या पुष्कळ घरांत आम्हांस नेमके तेच काम झालेले दिसत नाही. शाळा मुलास आपला धर्म शिकवीत नाही म्हणून आपण रुष्ट होतो. परंतु आपला कुलस्वामी कोण, कुलदेवीचे ठाणे कोठे, आपल्याकडे गौरी खड्यांच्या की मुखवट्यांच्या, अनंतचतुर्दशीस काय करतात, हे बारा वर्षांच्या मुलास सांगितलेले नसते. मग वर्गात प्रश्न आला की ते पुस्तकातले उत्तर देते किंवा गप्प बसते. शाळा परिचय देऊ शकते, संस्कार देऊ शकत नाही. आणि तिने तो देऊ पाहिला तर आपणच विरोध करावा, कारण आज आपल्या देवाची सक्ती ज्या नियमाने होईल त्याच नियमाने उद्या दुसऱ्या गावी दुसऱ्याच्या देवाची आपल्या मुलावर होईल.

मुलास एक साधे वाक्य शिकवून ठेवावे: ‘आमच्या घरी असे करतात.’ ‘हिंदू असे करतात’ या वाक्यात ऐंशी पिढ्यांचा आणि अनेक प्रांतांचा भार त्या पोराच्या खांद्यावर येतो. ‘आमच्या घरी’ म्हटले की ते निर्भय होते, कारण आपल्या घराविषयी त्यास कोणी खोटे पाडू शकत नाही. शिक्षकांसही भेटून विनयाने सांगावे, की मुलास आपल्या धर्माचा वकील म्हणून उभे करू नका. त्याची इच्छा असेल तर बोलू द्या. पाठात चूक दिसली तर मुलाच्या देखत शाळेस नावे ठेवू नयेत. चार ओळींचे पत्र लिहून, आमच्याकडे हा सण असा होतो, हवे असल्यास येऊन दाखवू, असे कळवावे. तक्रारीच्या पत्राचे काय होईल ते होवो. आमंत्रणाचे पत्र सहसा वाया जात नाही.

मूल मशिदीत, गुरुद्वारात किंवा चर्चमध्ये वर्गाबरोबर जाणार असेल तर जाऊ द्यावे, आणि जाण्यापूर्वी तेथील रीत सांगावी. मशिदीत पादत्राणे काढावयाची हे त्यास नवे नाही. गुरुद्वारात मस्तक झाकावे. तेथील कडाह प्रसाद सर्वांना देतात, तो दोन्ही हातांनी घ्यावा. चर्चमधील पवित्र भाकर मात्र त्या श्रद्धेत दीक्षित असलेल्यांसाठी असते, तिच्या रांगेत उत्साहाने उभे राहू नये. कोणी गुडघे टेकावयास सांगितलेच तर शांतपणे उभे राहावे.

राहता राहिला मूर्तीचा प्रश्न. कित्येकांना शाळेच्या टेबलावर गणपती ठेवणे हा देवाचा अपमान वाटतो. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो, परंतु शास्त्राची रीत याहून उदार आहे. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत मूर्ती ही माती किंवा धातूच होय; भाद्रपदापूर्वी कारागिराच्या फळीवर, धुळीत, रंगाच्या डब्यांशेजारी त्या डझनांनी उभ्या असतात आणि आपण त्या हाताने उचलून, नाक-डोळे पारखून, भाव करून घेतो. उत्तरपूजेनंतर तर ती पुन्हा मातीच मानून पाण्यात सोडतो. तेव्हा देवघरातली पूजेतली मूर्ती देऊ नये. प्रतिष्ठा न केलेली निराळी मूर्ती द्यावी. ती जमिनीवर न ठेवता उंच आसनावर ठेवावी, पादत्राणांशेजारी ठेवू नये, आणि मुलांनी हात स्वच्छ करून तिला स्पर्श करावा, एवढे शिक्षकांस सांगितले म्हणजे ते आनंदाने पाळतात. आरती म्हणून दाखवावयाची असल्यास आपण म्हणावी, इतरांना टाळ्या वाजवावयास लावू नये. आपल्या मुलासही वर्गात नमस्कार करण्याचा आग्रह नको. त्याने केला तर तो त्याचा.

सोबत मोदक पाठवावयाचे असतील तर एक गोष्ट विसरू नये. देवास नैवेद्य दाखवलेले अन्न हा प्रसाद होय, आणि दुसऱ्या देवास अर्पण केलेले अन्न खाणे काही मुसलमान व ख्रिस्ती घरांत निषिद्ध मानतात. मुलास ते सांगता येत नाही, ते संकोचाने खाते किंवा टाकते, आणि दोन्ही वाईट. यास्तव शाळेसाठी द्यावयाचे मोदक नैवेद्याचे ताट वाढण्यापूर्वीच निराळ्या डब्यात भरावेत, डब्यावर आत नारळ, गूळ, तूप काय काय आहे ते लिहावे, आणि शिक्षिकेस स्पष्ट कळवावे की हा प्रसाद नव्हे, आमच्या घरचा खाऊ आहे.